प्रशिक्षण झालं तरी लक्ष हवंच

‘प्रशिक्षित कुत्र्याजवळ लहान मूल निर्धास्त सोडता येतं’ हे कुत्र्यांविषयीच्या एका लेखातलं विधान मला धोक्याचं वाटतं. ‘बस’, ‘थांब’ ऐकणारा कुत्राही काही दुखत असेल, जेवत असेल किंवा झोपेतून दचकला तर चावू शकतो. लहान मुलांना चावणारा कुत्रा अनेकदा घरातला किंवा ओळखीचाच असतो, आणि मूल बुटकं असल्यामुळे जखम बऱ्याचदा थेट चेहऱ्यावर किंवा मानेवर होते.

शिवाय गुरगुरला म्हणून कुत्र्यावर अजिबात ओरडू नका! ती त्याची सूचना असते. ती दडपली की पुढच्या वेळी तो न गुरगुरताच चावू शकतो. आमची कुत्री फार गुणी, तरी नात रांगायला लागल्यावर आम्ही खोलीच्या दारात जाळीचं फाटक बसवलं. कुत्री अस्वस्थ होऊन ओठ चाटू लागली, तोंड फिरवून ताठ झाली, की नातीला लगेच उचलतो.