मोरपंखी साड्या आणि माईकवाले

‘सर्व लेडीजनी मोरपंखी साडी, सोनेरी काठ, अंबाडा व गजरा अशा पोशाखात सकाळी ८ वाजता हजर राहावे.’ असा हुकूम आमच्या शाळेच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याच्या ग्रुपवर पडला आणि माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं. हुकूम काढला कुणी? तर मागच्या बाकावर बसून आमच्या वेण्यांच्या रिबिनी खिडकीच्या गजाला बांधणाऱ्यांनी. आणि त्यांचा स्वतःचा पोशाख काय? ‘पांढरा शर्ट, सोयीनुसार.’ सोयीनुसार! आमच्यातली एक घरी शिलाई मशीन चालवते, एक अंगणवाडीत मदतनीस आहे, दोघी दुसऱ्याच्या शेतात रोजानं जातात. एका दिवसासाठी मोरपंखी साडी आणि मॅचिंग ब्लाऊज आणायचा कुठून, हे विचारायची अक्कल पंधराजणांच्या कमिटीत एकालाही नव्हती. असणार कुठून? कमिटीत एक बाई नाही.

मार्च २००० ची आमची एसएसएलसी, म्हणजे दहावीची बॅच. बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग, रताळ्या-बटाट्याचा पट्टा, मराठी माध्यमाची शाळा. पंचवीस वर्षं झाली म्हणून ‘रौप्यमहोत्सवी स्नेहमेळावा’. कल्पना चांगलीच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बरोबरीच्या पोरींना भेटायचं, कोण कुठं दिली, कुणाची सासू कशी, कुणाची पोरगी कुठल्या कॉलेजात, कोण दवाखान्यातून उठून आली, एवढं बोलायला मिळालं असतं तरी बास होतं. वर्गणी मी पहिल्या दिवशी भरली.

तारीख ठरताना जो खेळ झाला त्यावर एक वग लिहिता येईल. नोव्हेंबर नको, एक तारखेला इकडं सरकारचा कर्नाटक राज्योत्सव आणि तिकडं मराठी माणसांचा काळा दिवस, त्या दिवसांत पोलीस परवानगीची कटकट. डिसेंबर नको, सुवर्णसौधला, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, कर्नाटकचं अधिवेशन, मग बंदोबस्त, मोर्चे, मराठी भाषकांचा महामेळावा, आणि प्रमुख पाहुणे मोकळे नसतात. मे महिन्यात लग्नं आणि बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक. जूनपासून शेतीची कामं. प्रत्येक पुरुषाची अडचण ग्रुपवर मांडली गेली आणि मोजली गेली. आमच्यातल्या एकीनं भीत भीत लिहिलं, ‘बारावीची परीक्षा असते हो, पोरं घरात असतात, मार्च सोडून ठेवा.’ त्यावर एक अंगठा आला आणि तारीख मार्चमधलीच ठरली.

मग फ्लेक्स. वर बेळगाव लिहायचं की बेळगावी, २०१४ ला नाव बदललं तरी आपण का बदलायचं, पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आलाय तो शाळेच्या फ्लेक्सला लागू होतो काय, कन्नड अक्षरं वर की खाली. रात्री बारा-बारापर्यंत मेसेज. मी सीमाभागातली लेक आहे, माझे वडील मोर्च्यात लाठ्या खाऊन आलेले आहेत, मला भाषेचं कुणी शिकवू नये. पण त्याच फ्लेक्सवर शेवटी काय छापलं? कमिटीच्या पंधराजणांचे फोटो, काळे चष्मे लावून, मोबाईल कानाला लावून. खाली एक ओळ : ‘व समस्त विद्यार्थिनी’. झालं. मराठी वाचली, आम्ही ‘व समस्त’मध्ये गेलो.

पोरी शोधायचं कामसुद्धा यांनी कसं केलं बघा. पोरांचे नंबर सगळ्यांकडे. पोरी लग्न होऊन कुणी चंदगडला, कुणी गडहिंग्लजला, कुणी खानापूरकडं, एक गोव्यात म्हापशाला. नाव बदललं, आडनाव बदललं. मग यांनी काय केलं, तर नवऱ्यांचे नंबर काढले. माझ्या नवऱ्याला फोन. ‘वैनी आहेत काय?’ अरे, वैनी कुणाची? आठवी ते दहावी एका वर्गात बसलोय, माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक तू अजून परत दिलेलं नाहीस, आणि मी तुझी वैनी? बरं, माझ्याशी बोलले तरी सगळं नवऱ्यालाच विचारून झालं होतं : ‘पाठवाल न्हवं त्यास्नी?’

त्या दिवशी टेबलावर बिल्ले ठेवले होते. माझ्या बिल्ल्यावर सौ., मग नवऱ्याचं नाव, मग सासरचं आडनाव. स्वतःचं नाव कुठंच नाही. शेजारी उभी असलेली बाई माझ्याकडे बघत होती, मी तिच्या बिल्ल्याकडे. दोघींनाही पत्ता लागेना. शेवटी तिनं माझ्या हनुवटीखालचा तीळ बघून हाक मारली. ही माझी तीन वर्षांची बाकावरची जोडीदारीण! हजेरीपटावर आमची माहेरची नावं अजून शाईनं लिहिलेली आहेत, ऑफिसात जाऊन तो पट उघडायला कितीसा वेळ लागला असता?

आता एसटी. ‘लेडीजना काय, फुकट प्रवास, निवांत येतील,’ असं एका शहाण्यानं लिहून पुढं हसरे चेहरे टाकले होते. कर्नाटकात बायकांना ११ जून २०२३ पासून साध्या बसला तिकीट नाही, हे खरं. पण ते कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना. माझं आधार महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याचं. जन्म इथला, शाळा इथली, बाप इथल्या मातीत गेला, पण हद्दीवरचं शिनोळी ओलांडून सासरी गेले म्हणून कंडक्टर म्हणतो, ‘महाराष्ट्रद आधार नडेयल्ला री, टिकेट तगोरी.’ म्हणजे महाराष्ट्राचं आधार चालत नाही, तिकीट घ्या. त्याची चूक नाही, तो नियमानं बोलला. आमच्याकडच्या एसटीत अर्धं तिकीट आहे, तेही हद्दीपर्यंतच. आणि सीमेवर कुठं काही पेटलं की दोन्ही बाजूंच्या गाड्या आधी बंद होतात, बाईला माहेरची वाटच तुटते. डिसेंबर २०२२ ला झालं, फेब्रुवारी २०२५ ला झालं. हे ज्याला आपल्या दारातून मोटरसायकलीवर यायचंय त्याला कसं कळणार? संध्याकाळच्या गाड्या किती वाजता आहेत, कार्यक्रम कितीला आटपावा, हे कमिटीनं कंट्रोलरला एक फोन करून विचारलं असतं तर पुढचं अर्धं रामायण टळलं असतं.

आठ म्हणजे आठला आम्ही हजर. काही मोरपंखी, काही निळ्या, एक बिचारी गडद हिरवी नेसून आलेली, तिला फोटोत मागं उभं केलं. शिरा-उप्पीट आलं, चांगलं होतं. आणि मग आमच्या हातात ताटं दिली. पाहुण्यांचं औक्षण. पाहुणे म्हणजे कोण, तर आमच्या शाळेत एक दिवससुद्धा न शिकलेले पुढारी. ‘फाट्यावर आलेत,’ अशी घोषणा माईकवर झाली. आम्ही गेटजवळ दोन रांगा करून उभ्या. वाऱ्यानं निरांजन विझतंय, पदरानं आडोसा करायचा, परत लावायचं. कुंकवात घाम पडून त्याचा चिखल झाला. फाट्यावर आलेले पाहुणे फाट्यावरच जन्म काढतायत. दोन तास! माझ्या मागच्या पोरीचं गर्भाशयाचं ऑपरेशन नुकतं झालेलं, ती कंबर धरून उभी, आणि कमिटीवाला येऊन सांगतो, ‘जरा हसतमुख राहा, ड्रोन फिरतंय.’

शेवटी गाडी आली, धुरळा उडाला, आम्ही ओवाळलं. त्यांनी ताटात बघितलंसुद्धा नाही, चालता चालता फोनवर बोलत होते.

पुढं सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, स्मृतिचिन्ह. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा सत्कार, ज्यांच्या ट्रॅक्टरनं खुर्च्या आणल्या त्यांचा सत्कार. मग कमिटीचा. एकानं दुसऱ्याला शाल घालायची, दुसऱ्यानं पहिल्याला, आणि दोघांनी मान वळवून कॅमेऱ्याकडं बघायचं. ट्रेमध्ये शाली घेऊन स्टेजवर कोण उभं? आम्ही. नावं पुकारतील तसा ट्रे पुढं करायचा. शाळेत असतानाही पंधरा ऑगस्टला हेच करत होतो.

आमचे गणिताचे सर आले होते. वय झालंय, साखरेचा त्रास, नातू हात धरून घेऊन आला होता. खिशात घडी घातलेला कागद होता, त्यांनी भाषण लिहून आणलं होतं. मी समोरच होते, सर तो कागद काढायचे, चष्मा लावायचे, सूत्रसंचालक दुसऱ्याचंच नाव घ्यायचा, सर परत घडी करून खिशात ठेवायचे. त्यांची पाळी आली तेव्हा दीड वाजून गेला होता. ‘सर, दोन मिनिटांत दोन शब्द.’ पाहुण्यांनी पाऊण तास काय सांगितलं? विकास. सरांनी कागद उघडला नाही. ‘सगळे सुखी राहा पोरांनो’ म्हणाले आणि बसले. त्यांना पाणी नेऊन दिलं ते आमच्यातल्या एकीनं, तीही ट्रे खाली ठेवून गेली म्हणून तिला स्टेजवरून हाका मारल्या गेल्या.

आणि शाळेतल्या आमच्या बाईंना तर माईकसुद्धा दिला नाही. त्या वेळी शाळेत मुलींना संडास नव्हता. पाण्याची बाटली आणायची नाही, आणली तर प्यायची नाही, हा आमचा नियम होता. फारच झालं तर शाळेमागच्या कुंपणापलीकडं, दोघींनी पाठ करून उभं राहायचं. महिन्याचे ते दिवस आले की कितीजणी घरीच बसायच्या. वर्गात अचानक काही झालं तर या बाई काही न विचारता आपली ओढणी कंबरेला गुंडाळायला द्यायच्या आणि मुलीला आपल्या खोलीवर न्यायच्या. दहावीला बसलेल्या आम्ही सगळ्याजणी त्या एका बाईंमुळं बसलो. कमिटीनं त्यांच्यासाठी नारळ ठेवला होता, खुर्ची ठेवली होती, बोलायला वेळ ठेवला नव्हता.

आता ज्यावरनं माझं खरं पित्त खवळलंय ते. शाळेला बॅचकडून काय द्यायचं, असा विषय दोन महिने आधी निघाला होता. आम्ही पोरींनी आपसात बोलून एकमतानं लिहिलं : मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आणि पाणी. ‘छान सूचना,’ उत्तर आलं. मेळाव्यात पडदा बाजूला सारून उद्घाटन कशाचं झालं? ध्वनिक्षेपक संच! दोन उभे स्पीकर, एक डायस, त्यावर पितळी पाटी आणि बॅचचं नाव. शाळेला माईक दिला यांनी. ज्याला बोलायची हौस, तो माईकच देणार.

जेवणानंतर आम्ही चौघी मुद्दाम मागं जाऊन बघून आलो. खोली आता झालेली आहे, निळा रंग आहे, भिंतीवर हात धुण्याचं चित्र आहे. दाराची कडी तुटलेली. कोयंड्याच्या भोकातून सुतळी ओवलीय, ती आत बसून हातानं ओढून धरायची. नळाला पाणी नाही, बाहेर एक अर्धी बादली, तिच्यात पालापाचोळा. आज तिथं शिकणारी पोरगी ती सुतळी एका हातात धरून बसते, आणि पन्नास पावलांवर आमचा नवा कोरा स्पीकर ‘चेक, चेक, हॅलो’ करतोय. माझी मैत्रीण तिथंच म्हणाली, ‘निदान सुतळी तरी आली गं, आपल्या वेळेला तीबी न्हवती.’ मला हसायला आलं नाही.

चारला कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ होती : ‘विद्यार्थिनींचे मनोगत’. साडेचार झाले तरी पोरांचे डान्स चालू. कुणीतरी आम्हाला नाचायला ओढत होतं, कुणी मोबाईल धरून उभं. पाचची गाडी चुकली तर पुढची कधी, आणि फाट्यावरून घरापर्यंत अंधारात कोण आणणार? ‘मी निघालो गं, पोरगी एकटी हाय घरात,’ म्हणत एकेक उठली. साडेपाचला माईकवर विद्यार्थिनींना बोलावलं तेव्हा मी सुळग्याच्या पुढं बसमध्ये उभी होते. मागून कळलं, ‘लेडीज लाजतायत, बोलायला तयार नाहीत,’ असं सांगून हशा मिळवला आणि तो विषय संपवला.

खऱ्या गप्पा सहानंतर झाल्या म्हणे. कमिटीवाले आणि पोरं माळावर बसले, चूल पेटवली, जुन्या आठवणी निघाल्या, दोघं-तिघं रडले. त्याचे फोटो रात्री ग्रुपवर आले. ‘हेच ते सोनेरी क्षण.’ असतील. आमच्या वाट्याला त्यातला कुठला क्षण आला ते सांगा. पेपरातल्या बातमीत सगळ्यांची नावं ओळीनं छापून आली आणि शेवटी, अर्थातच, ‘आदींसह विद्यार्थिनी मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.’ बातमी लिहून पाठवली कुणी, ते सांगायला नकोच.

आता ग्रुपवर सहलीचं चाललंय. शिल्लक रकमेतून गणपतीपुळे. मी विचारलं, शिल्लक किती? आणि त्यातून आधी कडी आणि नळ बसवायचा काय? खजिनदार म्हणतात, ‘वैनी, तो विषय तुम्ही लेडीज ग्रुपवर घ्या.’ अरे बाबा, लेडीज ग्रुपवर पैसे नाहीत, पैसे तुझ्या खात्यावर आहेत. त्यात माझे आहेत, आणि रोजानं जाणाऱ्या त्या दोघींचे आहेत. हिशेब टाक, असं लिहिलं तर तिघांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या आणि एकानं लगेच ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं फूल.

शिनोळीच्या हार्डवेअरच्या दुकानात कडी-कोयंड्याचा भाव मी विचारून आलेय. आम्ही चौघी वर्गणी काढून बसवणार, शाळेशी बोलणं झालंय. ग्रुपवर यातलं एक अक्षर टाकणार नाही. टाकलं तर उद्या पाहुणे बोलावून कडीचं उद्घाटन लावतील, आणि आम्हाला परत ताटं घेऊन गेटवर उभं करतील.