ओळख कोणाची तपासायची?

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा देताना ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर आईचा चेहरा पडताळायची सक्ती मागे घ्यावी, असं मी म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की पैसा सरकारचा, म्हणजे ओळख पटवायलाच हवी. बोगस नावं त्यामुळेच गळतील. आणि स्वतः भाजीवाल्याला यूपीआयनं पैसे देणाऱ्या बाईनं गरिबांच्या बाबतीत तंत्रज्ञान नको म्हणणं हा दुटप्पीपणा आहे.

यूपीआय अडलं तर मी पर्समधून नोट काढते, नाहीतर भाजीवाला ‘उद्या द्या’ म्हणतो. माझी भाजी अडत नाही. १ जुलै २०२५ पासून शिध्यासाठी चेहरा पडताळणी अनिवार्य झाली आणि अंगणवाडीच्या दारातली ही सवड गेली.

तिथे होतं काय, ते बघा. आधी आईचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची ऑनलाइन खातरजमा, करायचं, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो नंबर अनेक घरांत नवऱ्याचा असतो आणि नवरा कामावर. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या घरांत तर नंबरच बदललेला असतो. पुढे शिधा नेताना चेहरा जुळवायचा. रेंज नसेल तर सेविका फोन उंच धरून अंगणात फिरते. तेवढ्या वेळात तिनं बाळांची वजनं घ्यायला हवीत, कुणाचं वजन दोन महिने वाढलं नाही ते पाहून त्या घरी जायला हवं. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, ते जुने बंद पडणारे फोन आणि इंग्रजीतलं ॲप यांना कंटाळून. त्यांना काम नको होतं असं नाही.

आता बोगस नावं. ती असतील, नाकारत नाही. पण मोठी गळती कुठे होते? अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच दिला. तरी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला महाराष्ट्राच्या शिधापुरवठ्याची सुमारे ६,३०० कोटींची कंत्राटं रद्द करावी लागली, कारण निविदेच्या अटी लहान महिला बचत गटांना बाहेर ठेवून मोठ्या पुरवठादारांच्या सोयीच्या केल्या होत्या. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला ठरवून दिलेल्या कॅलरी आणि प्रथिनं, हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. पाकिटात तेवढं आहे का, मूल ते खातं का, की चव नाही म्हणून ते गोठ्यात जातं, हे आईचा चेहरा जुळवून कसं कळणार? पाकीट कारखान्यातून कधी निघालं, गोदामात किती दिवस पडलं, प्रयोगशाळेत काय आढळलं, हे प्रत्येक पाकिटावर क्यूआर कोड छापून गावाला दाखवता येईल. हे तंत्रज्ञान मला मनापासून हवं आहे. पण तपासणी सुरू झाली ती साखळीच्या शेवटच्या टोकाला, जिथे बाई मूल कडेवर घेऊन उभी आहे.

आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभ नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या आधार निकालात सांगितलं आहे. आईचा चेहरा जुळला नाही म्हणून मूल उपाशी राहिलं, तर ते या निकालात बसतं का, हे तुम्हीच सांगा.

बोगस नावं मग कशी शोधायची, असं तुम्ही विचारलंत. एक अंगणवाडी साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीसाठी असते. कुणाच्या घरी पाळणा हलला हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, न जन्मलेलं मूल तिथेच सापडेल. सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे लोकांनीच योजनेचा हिशेब तपासण्याची, तरतूद त्याच अन्नसुरक्षा कायद्यात आहे, ती वापरा. आणि चेहरा पडताळणी ठेवायचीच असेल, तर न जुळलेल्या आईलाही सेविकेच्या सहीवर शिधा मिळू द्या आणि किती चेहरे जुळले नाहीत तो आकडा दर महिन्याला तालुकावार जाहीर करा. तो आकडा समोर आला, की तुमच्याशी याच विषयावर पुन्हा बोलायला मी तयार आहे.