शस्त्रक्रियेनंतरचे ताट आणि संसार
वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवरच्या तुमच्या लेखात वजन किती उतरले याचा हिशेब आहे, पण घरात काय बदलते ते राहून गेले आहे. माझी गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून अन्न थेट पुढच्या आतड्यात वळवण्याची शस्त्रक्रिया) झाल्यापासून मी आधी पनीर आणि घट्ट वरण, जागा उरली तरच भात असे वाटीभर जेवण सावकाश चावून खाते, जेवणानंतर अर्धा तास पाणी पीत नाही. गोडही आता सोसत नाही; पाडव्याला श्रीखंडाचे चार चमचे घेतले, तेव्हा घामाने डबडबून, छातीत धडधडत ताटावरून उठावे लागले होते. नवऱ्याशी जवळीकही, सैल पडलेल्या कातडीचा संकोच ओसरेपर्यंत, नव्याने शिकावी लागली. वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या पुरेशा शोषल्या जातीलच असे नाही आणि साधारण १२ ते १८ महिने दिवस राहू न देणे बरे, हे मात्र मला आधी कोणीच सांगितले नव्हते. डिस्चार्जच्या कागदावर प्रोटीन पावडरचे नाव तेवढे ठळक होते.