मॉड्रिचचा बॅलन डी'ओर आयता नव्हता

पुरस्कारांचे दिवस आले की एक दावा हमखास फिरतो : २०१८ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला आयता मिळाला. गोल नावापुरते, लोक मेस्सी-रोनाल्डोला कंटाळलेले, आणि त्याचा क्लब रेआल माद्रिद जिंकत होता ते रोनाल्डोच्या जिवावर.

आधी गोलांचं. कमी होते, हे खरंच. रशियातल्या त्या विश्वचषकात दोनच, त्यातला एक पेनल्टीवर. पण मधल्या फळीतल्या खेळाडूला गोलांवर जोखणं म्हणजे यष्टिरक्षकाला षटकारांवर जोखण्यासारखं आहे. डेन्मार्क, रशिया, इंग्लंड असे बाद फेरीतले सलग तीन सामने अतिरिक्त वेळेत गेले आणि बत्तीस वर्षांचा हा कर्णधार तरीही प्रत्येक वेळी चेंडू मागत राहिला. डेन्मार्कविरुद्ध ११६ व्या मिनिटाला कॅस्पर श्मायकेलने त्याची पेनल्टी अडवली. तिच्यावर गोल झाला असता तर सामना जवळपास तिथेच मिटला असता. काही मिनिटांत पेनल्टी शूटआउट सुरू झालं आणि त्याच गोलरक्षकासमोर मॉड्रिच पुन्हा चेंडू ठेवायला आला. या वेळी गोल झाला. माझ्या लेखी त्या स्पर्धेत यापेक्षा धाडसाचं काही घडलं नाही. शूटआउटमधले गोल खेळाडूच्या खात्यावर चढत नाहीत, म्हणून आकडे बघणाऱ्याला तो दिसतच नाही.

लोक कंटाळले होते म्हणावं, तर बॅलन डी'ओरसाठीच्या पत्रकारांच्या मतदानात मॉड्रिचला ७५३ गुण होते, दुसऱ्या क्रमांकावरच्या रोनाल्डोला ४७६. शिवाय विश्वचषकातल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल आणि फिफाचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'द बेस्ट'ही त्याच वर्षी त्यालाच मिळाला. 'द बेस्ट'साठी तर राष्ट्रीय संघांचे कर्णधार आणि प्रशिक्षकही मत देतात.

'आयता' हा शब्द मात्र मला फार लागतो. १९९१ मध्ये क्रोएशियातल्या युद्धात त्याच्या आजोबांना ठार मारलं गेलं, घर सुटलं आणि झादरमधल्या निर्वासितांच्या हॉटेलात हा मुलगा वाढला. तिथल्या पार्किंगमध्येच तो चेंडू खेळायचा. अंगाने किरकोळ म्हणून हायदुक स्प्लिट या क्रोएशियन क्लबने त्याला नाकारलं. माद्रिदमध्ये पहिल्याच मोसमात 'मार्का' या स्पॅनिश क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला सर्वांत वाईट खरेदी ठरवलं. त्याच क्लबात तो तेरा मोसम टिकला.

त्याच्यावर २०१८ मध्येच खोट्या साक्षीचा आरोप ठेवला गेला होता. पुढे तो टिकला नाही, पण क्रोएशियातले अनेक चाहते तेव्हा त्याच्यावर संतापले होते. त्याचं कौतुक करताना मी हे झाकणार नाही. मैदानावरचं मोल त्याने कमी होत नाही, एवढंच.

राहिला रोनाल्डो. तो २०१८ च्या उन्हाळ्यातच माद्रिद सोडून गेला. त्यानंतर माद्रिदने २०२२ आणि २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली, दोन्ही वेळा मॉड्रिच संघात होता. एप्रिल २०२२ मध्ये याच स्पर्धेत माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर इंग्लंडचा क्लब चेल्सी ३-० ने पुढे होता, माद्रिद स्पर्धेबाहेर जायला दहाच मिनिटं उरली होती. मॉड्रिचने डावीकडून उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू असा वळवला की तो बचावफळीच्या डोक्यावरून थेट धावत्या रॉड्रिगोच्या पायावर पडला. गोल. दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली. अतिरिक्त वेळेत बेंझेमाच्या हेडरने माद्रिद पुढे गेलं आणि त्याच मोसमात विजेतं ठरलं. मॉड्रिच तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि रोनाल्डो मँचेस्टर युनायटेडमध्ये.