डिक्रीच्या नकलेसाठी हेलपाटे

ताईला तिच्या घटस्फोटाच्या डिक्रीची (कोर्टाच्या निकालाच्या हुकुमाची) नक्कल पाहिजे, बास, एवढंच. ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या वेबसाइटवर) १६ अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, टाकला की केस दिसते, पण वकिलांनी तो दिला असेल तर ना! मग नावाने शोधा, तर नाव माहेरचं की सासरचं, आणि स्पेलिंग टायपिस्टच्या मर्जीवर. खिडकीवर अर्ज कन्नडात (सीमाभागात जन्म गेला तरी कोर्टाची कन्नड डोक्यावरूनच जाते ओ), तो झेरॉक्सवाल्याकडून भरून घ्या, वर 'नाळे बन्नी' (उद्या या) ऐका. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम २३(४) म्हणतं की घटस्फोटाच्या डिक्रीची एक प्रत दोघांनाही फुकट द्यायची, हे बोललो तर क्लार्क असा बघतोय जणू मीच घटस्फोट मागायला आलोय! आणि तिकडे पासपोर्टवाले तोच कागद मागतायत.