राउटर आहे म्हणून विंडोजची फायरवॉल बंद करू नका

फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून येणारं-जाणारं तपासून नको ते अडवणारा पहारेकरी. तिच्याबद्दल सध्या एक मेसेज फिरतोय. 'घरात वायफाय राउटर असेल तर तुमच्याकडे हार्डवेअर फायरवॉल आहेच. विंडोजची सॉफ्टवेअर फायरवॉल म्हणजे नुसतं ओझं. ती कायमची बंद करा, संगणक पळायला लागेल.' हार्डवेअर फायरवॉल हॅक होत नाही, दोन फायरवॉल एकमेकींशी भांडतात, हार्डवेअर फायरवॉलची वेगळी डबी घेतली की खोट्या लिंकपासून सुटका, असेही दावे त्यात आहेत. खाली विंडोजची फायरवॉल कशी बंद करायची याची कृतीही दिली आहे. एरवी मी वाचून सोडून दिला असता, पण माझ्या मावशीने ती कृती जशीच्या तशी केली. तिच्या लॅपटॉपवर स्टोअरमधली ॲप अपडेट होईनात, म्हणून तिने मला विचारलं, तेव्हा हे कळलं. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी कृपया हे पूर्ण वाचावं.

आधी त्या कृतीबद्दल, कारण खरं नुकसान तीच करते. सर्व्हिसेसच्या (म्हणजे मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या) यादीतून विंडोजची फायरवॉल बंद करायला गेलं तर तिथली बटणं फिकट दिसतात, दाबली जात नाहीत. ती मुद्दाम तशी ठेवली आहेत. मेसेजवाल्याने त्यातूनही वाट काढली: रजिस्ट्री (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगची नोंदवही) उघडा, 'एमपीएसएसव्हीसी' (mpssvc) या फायरवॉलच्या सर्व्हिसच्या नोंदीत 'स्टार्ट'चा आकडा २ आहे, तो ४ करा. हे केलं की पुढच्या वेळी संगणक सुरू होताना फायरवॉलची सर्व्हिस उठतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या तांत्रिक माहितीत याबद्दल सरळ लिहिलं आहे की ही सर्व्हिस थांबवू नका. थांबवलीत तर स्टार्ट मेन्यू काम करेनासा होऊ शकतो, आधुनिक (स्टोअरमधली) ॲप इन्स्टॉल किंवा अपडेट होत नाहीत, फोनवरून विंडोज ॲक्टिव्हेट करता येत नाही. काही कारणाने फायरवॉल बंद करावीच लागली तर प्रोफाइल (नेटवर्कच्या प्रकारानुसार असलेले फायरवॉलचे सेटिंग) बंद करा, सर्व्हिस चालू राहू द्या, असंही तिथेच सांगितलं आहे. मावशीच्या ॲपचं काय झालं होतं ते यावरून कळावं. ज्याने हे लिहिलं त्याने ते एक पान उघडून पाहिलं असतं तरी पुरे होतं.

आता 'राउटर आहेच की' हा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. घरातल्या सगळ्या उपकरणांना मिळून बाहेर सहसा एकच इंटरनेट पत्ता (आयपी ॲड्रेस) दिसतो. आतून कुणी मागवलेलं नसताना बाहेरून काही आलं, तर ते कुणाकडे द्यायचं हे राउटरला ठाऊक नसतं आणि तो ते टाकून देतो. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (आपणहून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरणारा घातक प्रोग्राम) आला तेव्हा थेट इंटरनेटला जोडलेले विंडोज एक्सपीचे संगणक काहीही क्लिक न करता बाधित होत होते. अशा वेळी मध्ये राउटर असणं खरोखर उपयोगी होतं. पण त्यातून मायक्रोसॉफ्टने काय धडा घेतला तेही पाहा: ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल मुळातच चालू स्थितीत यायला लागली.

राउटर पहारा देतो तो घर आणि इंटरनेट यांच्यामध्ये. घरातल्या घरात एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जे जातं, ते साधा घरगुती राउटर तपासत नाही. पाहुण्याचा फोन, कित्येक वर्षांत अपडेट न झालेला कॅमेरा, दुसऱ्या कुणाचा बाधित लॅपटॉप, हे सगळे त्याच वायफायवर असतात. कमांड विंडोत 'netstat -an' (नेटस्टॅट) चालवून बघा; संगणकाची कुठली पोर्ट, म्हणजे जोडणीची क्रमांक दिलेली दारं, उघडी आहेत ते ती कमांड दाखवते. तुम्ही काहीही शेअर केलेलं नसलं तरी पोर्ट १३५ आणि ४४५ पुढे 'लिसनिंग' (जोडणीची वाट पाहत आहे) असं दिसेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म पसरला तो या ४४५ वरूनच, आणि एक संगणक हाती लागला की त्याच नेटवर्कमधले शेजारी संगणक तो शोधत जायचा. तिथे आड येते ती संगणकावरचीच फायरवॉल, विशेषतः नेटवर्कचं प्रोफाइल 'पब्लिक' असेल तर. लॅपटॉप दुसऱ्याच्या वायफायला जोडलात की तुमचा राउटर घरीच राहिलेला असतो, हेही मेसेजवाल्याला सुचलेलं नाही.

राउटरमध्ये यूपीएनपी (ॲपना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) चालू असेल तर आतलं कुठलंही ॲप तुम्हाला न विचारता बाहेरचं पोर्ट उघडून घेऊ शकतं. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) मध्ये तर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो. तिथे पत्ता लपण्याचा आडोसा संपतो आणि राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे का, यावर सगळं येऊन थांबतं.

'हार्डवेअर फायरवॉल हॅक होत नाही, कारण त्यात सॉफ्टवेअर नसतं.' हे धादांत खोटं आहे. राउटर हा लहानसा संगणकच असतो आणि त्यातली फायरवॉल म्हणजे त्यावर चालणारा प्रोग्राम. पुष्कळ राउटरमध्ये आत लिनक्स असतं. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर हे मालवेअर उघडकीला आलं. ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं त्याने बाधित केली होती, आणि ती बहुतेक घरचे आणि छोट्या कार्यालयांचे राउटर होते. राउटर रीबूट करा, असं एफबीआयला लोकांना सांगावं लागलं.

'दोन फायरवॉल एकमेकींशी भांडतात' हे एकाच संगणकावर दोन सॉफ्टवेअर फायरवॉल चालवल्या तर खरं ठरू शकतं. राउटरची आणि संगणकाची भांडत नाहीत, त्या वेगवेगळ्या जागी काम करतात. आणि संगणक मंद असेल तर आधी सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम तपासा. वेगळी महागडी डबी घेतली की खोट्या लिंकपासून सुटका, हेही चूक. लिंकवर तुम्ही स्वतः क्लिक करता, आणि आतून मागितलेलं फायरवॉल सहसा येऊ देते.

ज्यांनी ती कृती केली आहे त्यांनी तो आकडा पुन्हा २ करावा आणि संगणक रीस्टार्ट करावा. मग 'विंडोज सिक्युरिटी'तलं फायरवॉलचं पान उघडून डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्ही ओळींत फायरवॉल 'ऑन' आहे का ते बघावं. त्याच बैठकीत राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, बाहेरून राउटर हाताळायची सोय बंद करा, आणि गरज नसेल तर यूपीएनपीही.