मीरतच्या कैद्यांसाठी मँचेस्टरात कोण उभं राहिलं?

चिपळूण-गुहागरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘परदेशात युनियनवाल्याला पकडलं तर तो त्या देशाचा अंतर्गत मामला. तिकडचे कामगार आपले स्पर्धक. सुटकेच्या निवेदनावर सह्या करून कोणी सुटत नाही. आधी आपली माणसं बघा.’ चाकरमान्यांच्या गावांत हे फिरावं याचं मला फार वाईट वाटलं.

अंतर्गत मामला म्हणता? १९२८ चा मुंबईचा गिरणी संप सहा महिने चालला. त्यात रत्नागिरीची किती घरं होती हे आपल्या आज्यांना माहीत होतं. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२९ ला, सरकारने डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर, अर्जुन आळवे अशा कामगार पुढाऱ्यांना उचललं आणि मुंबईपासून लांब, आजच्या उत्तर प्रदेशातल्या मीरतला (मेरठला) खटला भरला. कारण तिथे ज्यूरीशिवाय खटला चालवता येत होता. आरोपींत स्प्रॅट, ब्रॅडली आणि हचिन्सन हे तीन इंग्रजही होते. परक्या देशातल्या गिरणी कामगारांसाठी ते तुरुंगात गेले.

स्पर्धकांचं म्हणाल, तर मुंबईच्या गिरण्यांची मोठी स्पर्धा इंग्लंडातल्या लँकेशायरशी होती. तिथले कापड कामगार तेव्हा हजारोंनी बेकार होते. त्याच मँचेस्टर-सॅलफर्डच्या रस्त्यांवर कामगारांची पथकं हातातल्या काठ्यांचे तुरुंगाचे गज करून मीरतची नाटुकली करत होती. इंग्लंडात बचावासाठी पैसे जमत होते. सगळेच असे नव्हते, हेही सांगायला हवं: १९२९ ते १९३१ तिथे मजूर पक्षाचंच सरकार होतं, तरी खटला चालूच राहिला. १९३३ च्या जानेवारीत डांग्यांना बारा वर्षांची शिक्षा झाली, ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने ती तीनवर आणली. हे केवळ सभांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण जगाचं लक्ष त्या कोर्टावर होतं.

सह्यांनी काही होत नाही? सही केली की लगेच कुलूप उघडतं असं कोणी म्हणत नाही. तेहरानच्या बस कामगारांचे नेते मन्सूर ओसानलू २००७ मध्ये पकडले गेले. जगभरच्या वाहतूक कामगार संघटनांनी त्यांचं नाव विसरू दिलं नाही. २०११ मध्ये ते बाहेर आले.

राहिली आपली माणसं. मालकाने पगार न देता परक्या बंदरात बेवारस सोडलेल्या खलाशांत २०२४ मध्ये सर्वाधिक भारतीय होते. आमच्या वाडीतलाही एक पोरगा असा अडकला होता. जेवण संपत आलं तेव्हा जहाजावर चढला तो तिथल्या युनियनचा माणूस. त्याने कागद मागितले, बंदराच्या अधिकाऱ्यांशी भांडला, थकलेला पगार काढून दिला. पोराची भाषासुद्धा त्याला येत नव्हती. उद्या त्याच माणसाला त्याच्या सरकारने आत टाकलं, तर आमच्या वाडीने काय म्हणायचं, अंतर्गत मामला? सौदी आणि अमिरातींत तर युनियन काढायलाच बंदी आहे, आणि आपली कितीतरी पोरं तिकडेच जातात.